मोटार मागते किती, बॅटरी देते किती

लोणार तालुक्यातले आमचे बीबी हे मेहकरहून सिंदखेड राजाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे गाव. घर गावात, शेत साडेतीन किलोमीटरवर, आणि मधली वाट पांदणीची. माझे सासरे, ज्यांना आम्ही सुना मामाजी म्हणतो, या वाटेने साठ वर्षे सायकलवर गेले. आज त्यांचे वय ७६ आहे. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयाच्या एका रक्तवाहिनीत स्टेंट बसवावा लागला, आणि गुडघ्यांची झीज त्याच्याही आधीपासूनची. शेतातली कामे आता माझे पती आणि सालदार पाहतात. मामाजींनी तेथे जाऊन करावे असे काही उरलेले नाही. परंतु सकाळी उठून धुऱ्यावर एक फेरी मारली नाही तर त्यांचा दिवस सुरूच होत नाही. कोणाच्या तरी दुचाकीवर मागे बसून जाणे त्यांना रुचत नसे. ‘पोत्यावानी नेता मले,’ असे ते म्हणत.

डॉक्टरांचे म्हणणे मोजके होते. सपाट वाटेवर सायकल चालवण्यास त्यांची हरकत नव्हती, उलट गुडघ्यांसाठी ते चांगलेच होते, कारण सायकलवर शरीराचा बराचसा भार आसन वाहते आणि सांधा मोकळा फिरतो. मात्र चढावर जोर लावायचा नाही. श्रम करताना शेजारच्या माणसाशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. शब्द तुटू लागले की थांबायचे. अडचण अशी की आमच्या वाटेवर नाल्याच्या पलीकडे एक चढ आहे. लांबी जेमतेम दोनशे पावले, पण शंभर फुटांमागे पाच फूट उंची वाढते. सारी साडेतीन किलोमीटरची वाट या दोनशे पावलांनी अडवून ठेवली होती.

यावर उपाय म्हणून त्यांच्या सायकलला विजेची मोटार बसवण्याची कल्पना पुण्यात शिकणाऱ्या नातवाने काढली. मागच्या चाकाच्या मध्यभागी बसणारी २५० वॅटची मोटार, हँडलला एक थ्रॉटल, कॅरिअरखाली कंट्रोलर आणि दांडीवर बॅटरी असा तो संच असतो. २५० वॅट हा आकडा दुकानदार सवयीने सांगतात, पण त्याला कायद्याचा संदर्भ आहे. मोटारीची शक्ती २५० वॅटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी, आणि मान्यताप्राप्त चाचणी संस्थेचे प्रमाणपत्र, एवढे असेल तर केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार ते वाहन ‘मोटार वाहन’ ठरत नाही. परवाना व नोंदणी लागत नाही. सुटे संच विकणारे या प्रमाणपत्राविषयी सहसा बोलत नाहीत, म्हणून घेणाऱ्याने ते आपणहून विचारावे. ज्येष्ठांना याहून मोठी मोटार घेऊन द्यावी असे मला तरी वाटत नाही. तिचे वजन वाढते, हिसका वाढतो, आणि सत्तरी ओलांडलेल्या माणसाला ताशी चाळीसच्या वेगाचे काम काय?

संच एका शहरातल्या दुकानातून बसवून आला. मोटार ३६ व्होल्टची, बॅटरीही ३६ व्होल्टची, १० अँपिअर-तासांची. कागदावर सारे जुळत होते. ३६ ला १० ने गुणले की ३६० वॅट-तास होतात. आपण थोडेफार पायडल मारत राहिलो तर अशा सायकलला किलोमीटरमागे साधारण १० ते १२ वॅट-तास लागतात. म्हणजे शेताची जाऊन-येऊन फेरी सात किलोमीटरची धरली तरी बॅटरीचा पाव हिस्सासुद्धा खर्च व्हायला नको. पहिले काही दिवस तसे झालेही. मामाजी गावात मिरवून आले.

मग एका सकाळी नाल्याच्या चढावर निम्म्यात गाडी एकाएकी निर्जीव झाली. मोटार आणि किट मिळून वजन वाढलेले, सायकल जवळजवळ २८ किलोंची. ती उतारावर मागे सरकू लागली. त्यांनी पाय टेकले, ब्रेक दाबून धरला आणि तसेच उभे राहिले. पुढे ती ढकलत वर नेण्याचा मोह त्यांना झाला असणार, कारण ते घरी आले तेव्हा चेहरा उतरलेला होता आणि हात छातीवर होता. ‘काही नाही, जरा धाप लागली’ एवढेच ते म्हणाले. आम्ही त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन हृदयाचा आलेख काढून घेतला. सुदैवाने त्यात नवे काही नव्हते. पण आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, सायकलला कुलूप घालून किल्ली देवघरात ठेवली.

चमत्कारिक गोष्ट अशी होती की किल्ली बंद करून पुन्हा फिरवली की मोटार लगेच चालू होई. सपाटीवर काहीही तक्रार नसे. माझ्या पतींनी तीनदा करून पाहिले. तीनही वेळा चढावर पंधरा-वीस सेकंदांत गाडी बंद. दुकानदाराने फोनवरच निदान केले, ‘बॅटरी लहान पडते, २० अँपिअर-तासांची घ्या.’ मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. पाव बॅटरीत होणाऱ्या कामाला दुप्पट बॅटरी का लागावी, हे गणित मला पटेना. म्हणून सुटीच्या दिवशी सायकल अंगणात उलटी करून मी प्रत्येक भागावरची चिठ्ठी वाचून काढली.

उत्तर दोन चिठ्ठ्यांत होते. कंट्रोलरवर लिहिले होते, कमाल प्रवाह १५ अँपिअर. बॅटरीच्या बुडाशी, अगदी बारीक अक्षरांत, सततचा प्रवाह १० अँपिअर.

हे मामाजींना कसे समजवावे असा मला प्रश्न होता, पण त्यांनीच तो सोडवला. मी दोन्ही आकडे वाचून दाखवल्यावर ते म्हणाले, ‘म्हंजे इहीर खोल हाय, पण झरे बारीक.’ याहून नेमके शब्द मला सुचले नसते. विहिरीत पाणी किती साठले आहे हा एक प्रश्न, आणि पंप लावल्यावर धार टिकेल का हा निराळा. झऱ्यांच्या मानाने पंप मोठा असला तर विहीर भरलेली दिसत असूनही थोड्या वेळात पंप हवा ओढू लागतो. बॅटरीचे अँपिअर-तास म्हणजे साठा. तिचा सततचा प्रवाह, म्हणजे नुसते अँपिअर, ही झऱ्यांची ताकद. खरेदीच्या वेळी आपण साठ्याची चौकशी करतो, कारण ‘एका चार्जिंगमध्ये किती किलोमीटर’ हे त्यावरून कळते. झऱ्यांची चौकशी कोणी करत नाही.

आता चढावर नेमके काय होत होते ते पाहू. मामाजी, सायकल आणि पिशवी मिळून वजन सुमारे ९५ किलो. पाच टक्के चढ आणि पांदणीची खडबडीत माती मिळून मागे ओढणारे बल साधारण ६५ न्यूटन येते. ताशी १० किलोमीटरच्या संथ वेगाने चढायचे तर चाकाला सुमारे १८० वॅट शक्ती लागते. वयस्क माणूस फारशी धाप न लागता पायांनी ५० वॅटच्या आसपास शक्ती देऊ शकतो. उरलेले १३० वॅट मोटारीने द्यायचे. कमी वेगात मोटारीत बरीच वीज उष्णता होऊन वाया जाते, म्हणून बॅटरीतून २०० वॅट घ्यावे लागतात असे धरू. ३६ व्होल्टला ते साडेपाच-सहा अँपिअर झाले. मग १० अँपिअर देणारी बॅटरी हरते कशी?

याचे कारण साध्या कंट्रोलरला ‘गरजेपुरते’ ही कल्पनाच नसते. थ्रॉटल पूर्ण पिळला आणि चाक हळू फिरत असले की तो मोटारीला वेग देण्यासाठी आपल्या मर्यादेपर्यंत, म्हणजे १५ अँपिअरपर्यंत, प्रवाह ओढत राहतो. सपाटीवर हे दोन-तीन सेकंद चालते. गाडी वेग घेते आणि मागणी आपोआप उतरते. चढावर वेग वाढतच नाही, त्यामुळे मागणी तशीच चढलेली राहते. बॅटरीच्या आत तिचे रक्षण करणारी एक छोटी पाटी असते, दुकानात तिला बीएमएस म्हणतात. घटकांना झेपेल त्यापेक्षा जास्त प्रवाह काही सेकंद वाहिला की ती वाट बंद करते. किल्ली फिरवली की पुन्हा उघडते. म्हणजे त्या पाटीने आपले काम चोख केले होते. मागणाऱ्याची आणि देणाऱ्याची जोडी लावणाऱ्याने ते पाहिलेले नव्हते.

चार्ज उतरत आला की हा प्रकार अधिक लवकर होतो, हेही आम्ही पाहिले. जास्त प्रवाह ओढताना प्रत्येक बॅटरीचा व्होल्टेज खाली बसतो. भरलेली असताना ३६ व्होल्टची लिथियम बॅटरी ४२ व्होल्ट दाखवते. रिकामी होताना ती ३०-३१ कडे येते. उतरलेल्या बॅटरीवर चढाचा ताण आला की व्होल्टेज किमान मर्यादेखाली घसरतो आणि त्या कारणानेही गाडी थांबते. बॅटरी जुनी होते तसा हा घसारा वाढत जातो. आज सपाटीवर उत्तम चालणारी बॅटरी दोन वर्षांनी चढावर दगा देते ती यामुळे.

स्टेंट बसवण्यापूर्वी डॉक्टरांनी मामाजींच्या छातीतल्या दुखण्याबद्दल जे सांगितले होते ते मला येथे आठवल्याशिवाय राहिले नाही. अरुंद झालेली रक्तवाहिनी बसल्या जागी हृदयाच्या स्नायूला पुरेसे रक्त देते; आलेखही कधीकधी निर्दोष येतो. चढ चढताना स्नायूची मागणी वाढते आणि वाहिनी ती पुरवू शकत नाही, तेव्हा छातीत आवळते. थांबले की बरे वाटते आणि माणूस म्हणतो, ‘काही नाही, जरा धाप लागली.’ एक भेद मात्र नीट लक्षात ठेवावा: बॅटरीत मागणी तोडणारी पाटी असते, माणसात ती नसते. घरातल्या वृद्धांना श्रमाच्या वेळी येणारे आणि विसाव्याने जाणारे छातीतले दडपण वारंवार जाणवत असेल तर ते ‘किल्ली फिरवून’ सोडून देऊ नये. त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावे. विसावा घेऊनही दडपण गेले नाही, तर घरी वाट न पाहता तडक रुग्णालय गाठावे.

उपाय दोन बाजूंनी करता येत होता. एक, कंट्रोलर १० अँपिअरच्या आतला लावायचा. तो स्वस्तातला मार्ग, आणि चढासाठी लागणारे सहा अँपिअर त्यातून मिळालेही असते. दुसरा, बॅटरी अधिक प्रवाह देणारी घ्यायची. आम्ही शेवटी दोन्ही केले. साठा तेवढाच, १० अँपिअर-तासांचा. पण सतत २० अँपिअर देऊ शकणारी बॅटरी घेतली, आणि कंट्रोलर १२ अँपिअरचा, सावकाश प्रवाह वाढवणारा. दुकानदाराने जुनी बॅटरी परत घेतली नाही, तो खर्च सोसावा लागला. मागणारा लहान आणि देणारा मोठा ठेवला की बॅटरी आणि तारा गार राहतात, आणि वय झाल्यावर तिची ताकद घटली तरी काही वर्षे चढ निभतो. सावकाश सुरू होणाऱ्या कंट्रोलरचा गुण आकड्यांत दिसत नाही, पण ज्येष्ठांसाठी माझ्या मते तो सर्वांत महत्त्वाचा. आधी थ्रॉटल जरा हलला की सायकल पुढे उडी घेई आणि आत्याबाई डोळे मिटून घेत.

लेडअ‍ॅसिडच्या स्वस्त बॅटऱ्यांचाही सल्ला आम्हाला मिळाला होता. १२ व्होल्टच्या तीन जोडल्या की ३६ होतात, हे खरे. पण १२ अँपिअर-तासांच्या अशा तीन बॅटऱ्यांचे वजन जवळजवळ १२ किलो भरते, तर तेवढ्याच कामाची लिथियम बॅटरी तीन किलोंच्या आसपास. शिवाय लेडअ‍ॅसिडवर लिहिलेला साठा बहुधा वीस तासांत संथपणे रिकामी केली तर मिळतो. भराभर ओढली तर पुष्कळ कमी हाती लागतो. पॉयकर्ट नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ मध्येच हे सूत्रात मांडले आहे. घरातल्या बाईमाणसाला किंवा वृद्धाला ती रोज उचलून आत आणायची असेल, तर वजन हा निव्वळ तांत्रिक मुद्दा राहत नाही.

हा विचार महाराष्ट्रात पूर्वीच झालेला आहे, हे मला शोधताना समजले. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पायी ओढल्या जाणाऱ्या सायकलरिक्षावर काम केले. त्यांनी सुधारित गिअरची रिक्षा, पायडलला मोटारीचे साहाय्य देणारी रिक्षा आणि पूर्ण विजेवरची रिक्षा असे तीन नमुने केले. २००२ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात त्यावर त्यांचा लेख आला. माणसाच्या छातीवरचा भार यंत्राने किती घ्यावा, हा प्रश्न तेथे रिक्षावाल्यासाठी विचारलेला होता. आमच्या घरी तो मामाजींसाठी होता, एवढाच फरक.

चार्जरविषयी मात्र थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण बॅटरी आणि मोटारीची जोडी चुकली तर गाडी थांबते, पण बॅटरी आणि चार्जरची जोडी चुकली तर घर पेटू शकते. ‘३६ व्होल्ट’ असे लिहिलेल्या लिथियम बॅटऱ्या दोन प्रकारच्या असतात. एका प्रकारात दहा घटकांच्या माळा असतात आणि ती ४२ व्होल्टला पूर्ण भरते. दुसऱ्या, लोह-फॉस्फेट प्रकारात बहुधा बारा घटक असतात आणि ती ४३.८ व्होल्टला भरते. दोन्हींच्या चार्जरची पिन सारखी असू शकते. शेजाऱ्याचा चार्जर ‘पिन बसते’ म्हणून लावणे अतिशय धोक्याचे आहे. चार्जरवरचा व्होल्टचा आकडा बॅटरीवरच्या आकड्याशी ताडून पाहावा आणि त्या चार्जरला रंगीत दोरा बांधून ठेवावा. आमच्याकडे तो लाल आहे. त्याचप्रमाणे ३६ व्होल्टच्या कंट्रोलरला ‘जरा जोर येईल’ म्हणून ४८ व्होल्टची बॅटरी जोडण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये.

२०२२ च्या उन्हाळ्यात विजेवरच्या दुचाकींना आगी लागल्याच्या बातम्या देशभरातून, पुण्यातूनही, आल्या होत्या. त्यानंतर केंद्र सरकारने अशा वाहनांच्या बॅटऱ्यांसाठीचे एआयएस १५६ हे मानक अधिक कडक केले आणि ते दोन टप्प्यांत, डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ पासून, लागू झाले. ते नोंदणीकृत दुचाकी-तिचाकींसाठी आहे. आपल्या साध्या सायकलच्या सुट्या बॅटरीला ते आपोआप लागू होत नाही. म्हणून घरची शिस्त आपणच लावायची. आमच्याकडे मे महिन्यात दुपारी पत्रा तापून हात लावता येत नाही. उन्हातून आलेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावायची नाही, तासभर सावलीत गार होऊ द्यायची. चार्जिंग पहाटे, घरातली माणसे जागी असताना करायचे, रात्रभर लावून झोपायचे नाही. जागा फरशीवर, गादी-पडद्यांपासून दूर, आणि बाहेर पडण्याच्या दारात नको. आग लागली तर तेच दार लागते. बॅटरी फुगली, तिला गोडसर वास आला किंवा पडून चेपली, तर ती पुन्हा वापरायची नाही. वीज गेल्यावर चार्जर काढून ठेवावा, कारण पुरवठा परत येताना दाब कमीजास्त होतो. वृद्धांच्या खोलीत बॅटरी मुळीच ठेवू नये, हा माझा आग्रह. त्यांना उठून बाहेर पडायला आपल्यापेक्षा वेळ लागतो.

नवी जोडी बसवल्यानंतर प्रथम माझे पती तीनदा चढ चढून आले, मागे पोत्यात मामाजींच्या वजनाइतके गहू बांधून. मग किल्ली देवघरातून बाहेर आली. आता मामाजी चढाच्या आधीच थ्रॉटल निम्मा पिळतात, पायडल थांबवत नाहीत, आणि डॉक्टरांनी सांगितलेली परीक्षा म्हणून बांधावरची कडुनिंबाची झाडे मोठ्याने मोजतात. अकरा झाडे आहेत. अकराही एका दमात म्हणता आली की ठीक. आवाज तुटला तर वर पोचल्यावर बाभळीखाली बसायचे, आणि घरी येऊन ते सांगायचे. न लपवता सांगायचे, ही अट आत्याबाईंची. पहिल्या पंधरवड्यात एकदाच ते नवव्या झाडाशी अडले. आदल्या रात्री त्यांना झोप नव्हती. खिशात फोन आणि जिभेखाली ठेवायची गोळी, ही व्यवस्था मात्र बॅटरी कितीही चांगली असली तरी बदललेली नाही.

सध्या पावसाळा आहे. पांदणीत गुडघाभर काळी माती आहे, सोयाबीन कमरेशी आले आहे आणि सायकल ओसरीत उभी आहे. बॅटरी बराच काळ पडून राहणार असेल तर पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी ठेवत नाहीत. निम्म्याच्या थोडी वर ठेवून महिन्याने एकदा तपासतात. ती मधल्या घराच्या फडताळात, पाण्यापासून दूर ठेवली आहे. नातवाने एक छोटा मीटर आणून दिला आहे. मामाजी दर एकादशीला तो लावून आकडा वहीत लिहितात, आणि कापसाच्या भावाखाली हल्ली ३८ आणि काहीतरी व्होल्ट अशी नोंद असते.